चाचणीआधीची तयारी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल; पण खतावणी आणि संगणक यांची सोयरीक आता जुनी झाली आहे. कडोलीतल्या काकांच्या हार्डवेअर दुकानासाठी मी बिलाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका आज्ञेसरशी आपोआप होणाऱ्या चाचण्याही तयार केल्या. सर्व उत्तीर्ण झाल्या, मी निर्धास्त झाले. पुढच्याच आठवड्यात कागलच्या व्यापाऱ्याने बिल परत पाठवले!

चूक कोठे होती? चाचणीपूर्वी नमुन्याची माहिती फाइलींत भरून ठेवतात. तिला फिक्स्चर म्हणतात. उद्यमबागच्या कारखान्यांतही हा शब्द आहे : नग घट्ट धरणारी चौकट, म्हणजे प्रत्येक भोक त्याच जागी पडते. माझ्या फाइलीत बेळगाव, खानापूर, निपाणी ही कर्नाटकातलीच गावे होती. १ जुलै २०१७ पासूनच्या जीएसटीत, राज्यातल्या राज्यात १००० रुपयांच्या रंगावर १८ टक्के कर केंद्राला ९० व राज्याला ९० असा विभागतो. कागल निपाणीजवळच, पण महाराष्ट्रात. तेथे माल पाठवला की १८० रुपये आयजीएसटी या एकाच सदरात जातात. एकूण रक्कम दोन्हीकडे ११८०च! पण सदर चुकले, तर कर योग्य सदरात पुन्हा भरून आधीचा परत मागावा लागतो.

काका रागावले नाहीत. "गोळाबेरीज जुळली म्हणजे हिशेब जुळला असं नव्हे गं," एवढेच म्हणाले.

त्यानंतर मी तीन नियम पाळते. पहिला, सीमेवरचे नमुने आधी घ्यावेत : निपाणी आणि कागल, ३१ मार्च आणि १ एप्रिल. जम्मू-काश्मीरचा राज्य संकेतांक ०१ आहे. तो संख्या म्हणून साठवला तर पुढचे शून्य गळते. दुसरा, अपेक्षित उत्तर कागदावर स्वतः काढून फाइलीत लिहावे. प्रोग्रॅमचेच उत्तर उतरवले, तर चूकही बरोबर ठरते. तिसरा, प्रत्येक चाचणीला फाइलीची कोरी प्रत द्यावी, म्हणजे एकीची खाडाखोड दुसरीला बाधत नाही. गिऱ्हाइकांची खरी नावे व क्रमांक मात्र त्यात घालू नयेत.

मित्रहो, परीक्षेत सोपेच प्रश्न विचारले, तर सारेच उत्तीर्ण होतात. प्रोग्रॅमचेही तसेच आहे. प्रश्नपत्रिका आपणच काढायची आहे. ती प्रामाणिकपणे काढावी.