पाण्यावरचे धान्य

भाद्रपदातील ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न खावयाचे नाही, असा आपल्याकडील अनेक घरांत परिपाठ आहे. त्या दिवशी नांगराशिवाय उगवलेले धान्य व भाजी यांचाच आहार घेतात. अशा आपोआप उगवणाऱ्या रानटी भाताला संस्कृतात ‘नीवार’ म्हणतात. कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात, पोपटांच्या ढोलींतून झाडाखाली सांडलेले नीवाराचे दाणे पाहून दुष्यंत राजा तपोवन जवळ आल्याचे ओळखतो. न पेरता उगवणारे असेच एक धान्य दूर उत्तर अमेरिकेत आहे. त्याचे गुण व दोष आज आपण पाहू.

अमेरिकेतील मिनेसोटा व विस्कॉन्सिन ही राज्ये आणि त्यांच्या उत्तरेस असलेला कॅनडाचा भाग हा असंख्य तळ्यांचा मुलूख आहे. तेथील उथळ व संथ पाण्यात पुरुषभर उंचीचे एक गवत वाढते. त्याच्या लांबट, काळपट दाण्यांना इंग्रजीत ‘वाइल्ड राइस’, म्हणजे रानभात, हे नाव पडले. वस्तुतः आपल्या भाताचा तो केवळ दूरचा आप्त होय. तेथील मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला ‘मनोमिन’ म्हणतात. ‘जेथे पाण्यावर अन्न उगवते, तेथे वस्ती करा,’ या भविष्यवाणीला अनुसरून आपले पूर्वज पूर्वेकडून येथे आले, असे ते सांगतात. १८३७ साली अमेरिकेच्या सरकारशी तह होऊन त्यांची विस्तीर्ण भूमी गेली. परंतु रानभात गोळा करण्याचा हक्क त्यांनी त्या तहात राखून ठेवला. यावरून या धान्याचे त्यांच्या लेखी केवढे मोल होते, हे ध्यानात येते.

ऑगस्टच्या अखेरीस दाणे पिकू लागतात. मग दोघे जण एका होडीत बसतात. एक जण लांब काठीने होडी पुढे ढकलतो. दुसरा एका काठीने ताटे होडीवर वाकवून दुसरीने हलकेच झोडपतो. काही दाणे होडीत पडतात, तर काही पाण्यात. पाण्यात पडलेले दाणे वाया गेले, असे मात्र समजू नये. तेच पुढील वर्षाचे बियाणे होय! गोळा केलेले धान्य वाळवून, भाजून, पायांनी मळून व पाखडून ठेवतात. आज बाजारात येणारा पुष्कळसा रानभात मात्र यंत्रांच्या साहाय्याने शेतांत पिकवलेला असतो.

आता याचे गुण पाहू. शंभर ग्रॅम शिजवलेल्या रानभातात सुमारे ४ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच पांढऱ्या भातात ती पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतात. तंतुमय अंश रानभातात पावणेदोन ग्रॅमहून थोडा अधिक, तर पांढऱ्या भातात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असतो. मॅग्नेशियम, जस्त व फॉस्फरस ही द्रव्येही त्यात चांगल्या प्रमाणात आढळतात. याचे एक मोठे कारण असे, की या दाण्यावरचा कोंडा काढून टाकलेला नसतो. तंतूंच्या बाबतीत आपला हातसडीचा तांदूळही त्याच्या बरोबरीचा आहे. तेव्हा केवळ त्यासाठी सातासमुद्रापलीकडचे महागडे धान्य आणण्याचे कारण नाही.

परंतु गुणांबरोबर दोषही पाहिले पाहिजेत. हे धान्य शिजण्यास पाऊण ते एक तास लागतो. त्यात क जीवनसत्त्व नाही आणि चुनाही अल्पच आहे. म्हणून डाळ, भाजी व दूध यांची जागा ते घेऊ शकत नाही. तंतूंची सवय नसलेल्याने ते एकदम पोटभर खाल्ल्यास पोट फुगते. बाजरीवर जसा अरगट रोग पडतो, तशी एक विषारी बुरशी यावरही कधी कधी पडते. म्हणून गुलाबी किंवा जांभळट-काळे खडे दिसल्यास ते निवडून टाकावे लागतात.

हे झाले धान्याच्या अंगचे दोष. दुसरे दोष बाहेरून येतात. पाण्यातील व गाळातील शिसे, सोमल यांसारखी द्रव्ये ही वनस्पती शोषून घेते. पाणी दूषित असेल, तर तोच पौष्टिक दाणा अपायकारक ठरू शकतो. शिवाय खाणींच्या सांडपाण्यातून येणारे सल्फेट वाढले, की गाळात त्याचे विषारी द्रव्य बनते व रोपांना अपाय होतो. म्हणून रानभाताच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक सल्फेट असू नये, असा नियम मिनेसोटा राज्याने १९७३ साली केला. त्याच्या अंमलबजावणीसाठी तेथील लोकांना दीर्घकाळ झगडावे लागले. तहाने राखलेला हक्क कागदावर शाबूत असला, तरी तळ्यात दाणाच उरला नाही, तर त्या हक्काचा उपयोग काय?

मुलांनो, अन्नाचा कस केवळ दाण्यात नसतो. तो ज्या पाण्यावर वाढतो, त्या पाण्यातही असतो. अंगचे दोष निवडून, धुऊन व नीट शिजवून दूर करता येतात. पाण्यात मिसळलेले विष मात्र स्वयंपाकघरात निवडता येत नाही. ते तळ्याच्या काठीच रोखावे लागते. आपल्या गावच्या ओढ्याकडे व विहिरीकडे पाहतानाही ही गोष्ट विसरू नका.

स्वाध्याय
१. ओजिब्वे लोकांना रानभाताचे मोल किती होते, हे कोणत्या गोष्टीवरून कळते?
२. धान्याच्या अंगचे दोष व बाहेरून आलेले दोष यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
३. आपल्या गावातील पाण्याच्या एका साठ्याची पाहणी करून दहा ओळी लिहा.