विहिरीतले पाणी आले कोठून?



मे महिन्यात विहिरीने तळ दाखवला की उसासाठी बोअर मारायची घाई होते. पण आपल्या भागातला दगड बहुतेक जुना, स्फटिकी. पाणी वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत राहते. भेग नाही लागली की पैसे गेले. म्हणून आधी विचारावे, विहीर जगते कशावर? पावसाच्या मुरलेल्या पाण्यावर, की वरच्या बोडीच्या झिरप्यावर? झिरप्यावर असेल तर पैसा बोडीच्या पाळीवर आणि गाळ काढण्यावर घालावा.

हे पाण्यालाच विचारता येते. पाण्यातल्या दर हजार ऑक्सिजन अणूंपैकी सुमारे दोन जड असतात, त्यांना ऑक्सिजन-18 म्हणतात. ते निसर्गातच असतात, किरणोत्सर्गाची भीती नाही. उन्हात बोडीचे हलके पाणी आधी उडते, जड मागे राहते. ही खूण घेऊनच पाणी झिरपते.

समजा दिघोरीत बोडीपासून दूरच्या विहिरीचा आकडा उणे 5 आला, बोडीचा उणे 1 आणि तुमच्या विहिरीचा उणे 3. (हजारी प्रमाण, समुद्राच्या पाण्याशी तुलना करून.) म्हणजे ढोबळमानाने निम्मे पाणी बोडीचे. बोडीचा आकडा महिन्या-महिन्याला बदलतो, म्हणून एकाच नमुन्यावर निकाल देऊ नये.

आता क्लोराइड जोडीला घ्या. दूरच्या विहिरीत लिटरला 20 मिलिग्रॅम, बोडीत 40, तर तुमच्याकडे 30 च्या आसपास हवे. निघाले 90! मग जास्तीचे आले कोठून? गोठा, शेणखड्डा, नाही तर उसाला टाकलेले म्युरेट ऑफ पोटॅश. ते खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. नुसते क्लोराइड पाहिले असते तर सगळा दोष बोडीच्या आटण्याला दिला असता.

कोकणात तुरळ, वज्रेश्वरीच्या गरम झऱ्यांचे पाणीही अशाच तपासणीत मूळ पावसाचे ठरले. खोल जाऊन तापून वर आलेले.

क्लोराइड जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत तपासता येते. ऑक्सिजन-18 ला खास यंत्र लागते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हे काम चालते. एकट्याने धावण्यापेक्षा गावाने मिळून नमुने गोळा करावेत. मोटर दहा-पंधरा मिनिटे चालू द्या, बाटली त्याच पाण्याने विसळा, काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका, झाकण घट्ट लावा. बाटलीत हवा राहिली तर पाणी तिथेच उडेल आणि तुमची विहीर उगाच बोडीची ठरेल. बाटलीवर तारीख, विहिरीची खोली आणि बोडीपासूनचे अंतर लिहा.