आधी पाणी तपासा, मग मशीन घ्या

महापूर ओसरला की कोल्हापुरात गाळ काढणाऱ्यांच्या मागोमाग पाण्याची मशिनं विकणारे येतात. 2021च्या पुरानंतर आमच्या अपार्टमेंटमध्येही एक मुलगा आला. शेजारच्या वहिनींच्या ओट्यावर त्यानं दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या आरओ मशीनचं. सळ्या लावलेलं एक यंत्र दोन्हींत बुडवलं आणि बटण दाबलं. बघता बघता नळाचं पाणी तपकिरी, मग काळपट हिरवं झालं आणि वर गाळ तरंगू लागला. मशीनचं पाणी मात्र जसंच्या तसं. "बघा वहिनी, हे पिताय तुम्ही. पोरांनापण हेच देताय." वहिनींचा चेहरा पार उतरला. घरात लहान नातू होता.

माझी सारी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. मी त्याला म्हटलं, "बाळा, तुझ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाक आणि परत बटण दाब." तो टाळाटाळ करायला लागला, तेव्हा मीठ मीच टाकलं. त्याचं पाणीही तसंच तपकिरी झालं. त्या यंत्रात लोखंडाची सळी असते. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंजाचा रंग उतरतो. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून ते नितळ राहतं. तो गाळ सळीचा असतो. असा प्रयोग कुणी तुमच्या घरी करून दाखवला, तर मिठाचा डबा पुढे करा.

मला चीड आली ती एवढ्यासाठी, की भीती दाखवली गेली ती भलत्याच गोष्टीची. शिंगणापूर, बालिंगा ही आपली जुनी उपसा केंद्रं, आणि 2023च्या अखेरीस काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनही आली. हे सगळं सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं पाणी. ते काळ्या पाषाणावरून येतं, त्यात क्षार फारसे उतरत नाहीत. भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. माझ्या नळाचा आकडा 200च्याही खाली असतो. टीडीएस 500च्या आत असेल तिथं आरओ वापरू देऊ नये, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2019मध्येच म्हटलं होतं. आरओची जाळी नव्वद टक्क्यांहून जास्त क्षार काढते, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही जातं. वर एक ग्लास पाण्यामागे दोन-तीन ग्लास मोरीत जातात.

आता, पाण्यातल्या खनिजांवर आपली हाडं टिकून आहेत असं मी म्हणणार नाही. खरं कॅल्शियम दुधातून आणि नाचणीतून मिळतं, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण मुळातच थोडं असलेलं पैसे मोजून का काढायचं? शिवाय खनिजं काढलेल्या पाण्यात भाजी शिजवली की भाजीतली खनिजंही पाण्यात जास्त उतरतात, आणि ते पाणी आपण ओतून देतो.

आपला खरा शत्रू जंतू आहे, आणि तो टीडीएस मीटरवर दिसत नाही. पंचगंगेत सांडपाणी मिसळतं, गळक्या पाइपांतून गटाराचं पाणी आत शिरतं. 2012मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली आणि माणसं दगावली. त्या पाण्याचा टीडीएस कितीही चांगला असता तरी काय उपयोग होता? म्हणून नळाच्या पाण्याला गाळणी आणि यूव्ही मशीन पुरतं. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून घ्या, गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश पोचत नाही. पुरात वीज गेली की खळखळून उकळा, नाहीतर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मेडिक्लोर घालून अर्धा तास थांबा. वहिनींनी शेवटी यूव्हीचंच मशीन घेतलं.

बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षं बेसुमार पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या. तिथं किंवा शेताजवळच्या कुठल्याही बोअरवर आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या, आणि नायट्रेट जरूर तपासून घ्या. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला जास्त नायट्रेट घातक ठरतं, आणि उकळून ते कमी होत नाही, उलट पाणी आटेल तसं वाढतं. अशा पाण्याला आरओच हवा. मात्र मशीन बसवायला आलेला माणूस पाणी गोड लागावं म्हणून टीडीएस पार 20-30वर आणून ठेवतो. त्याला तो वाढवून द्यायला सांगा, आणि त्यासाठी जे कच्चं पाणी मिसळतं ते यूव्हीतून जाऊनच टाकीत पडतं का, हे मशीन उघडं असतानाच त्याच्याकडून बघून घ्या. मिसळल्यानंतरच्या पाण्यातलं नायट्रेट पुन्हा एकदा तपासा, कारण कच्च्या पाण्याबरोबर तेही परत येतं.