अवकाशातील कचरा : उपायांची पारख
(इयत्ता सातवी, सामान्य विज्ञान : पाठ-टिपण)

हेतू : एकाच प्रश्नावर अनेक उपाय सुचविले असता ते समान कसोट्यांवर तोलून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे.

प्रस्तावना : पाणवठ्यावर घाण साचल्यास ती काढावी लागते आणि पुन्हा साचू न देण्याची व्यवस्थाही करावी लागते, हे विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावे.

विवेचन : १९५७ साली पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला. तेव्हापासून निकामी उपग्रह, अग्निबाणांचे रिकामे भाग व त्यांचे तुकडे पृथ्वीभोवती साचत गेले आहेत. पृथ्वीजवळच्या कक्षांत त्यांचा वेग सेकंदास सुमारे साडेसात किलोमीटर असतो. एवढ्या वेगाने आलेला लहानसा खिळाही चालता उपग्रह बंद पाडू शकतो. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एक चालता व एक निकामी असे दोन उपग्रह परस्परांवर आदळले. त्यांचे शेकडो तुकडे झाले व प्रत्येक तुकडा नव्या टकरीचे कारण होऊ शकतो. समुद्रावरील वारे मोजणारा भारताचा ओशनसॅट-३ सुमारे ७४० किलोमीटर उंचीवर फिरतो. मच्छीमारांना मिळणारी वादळाची सूचना अशा मापनांवरही अवलंबून असते, म्हणून हा प्रश्न दूरचा नव्हे.

पुढील तीन कसोट्या फळ्यावर लिहाव्यात : गिरक्या घेणारी वस्तू पकडता येईल काय? नवे तुकडे उडतील काय? जुन्या कचऱ्यासही उपाय लागू पडेल काय?

जाळे : २०१८ मध्ये एका ब्रिटिश उपग्रहाने स्वतःच सोडलेली वस्तू जाळ्यात धरून दाखविली. गिरक्या घेणाऱ्या वस्तूस हे सोयीचे आहे. तथापि नेम चुकल्यास ते जाळे वाया जाते.

भाला : २०१९ मध्ये त्याच उपग्रहाने एका फळीत भाला रोवून दाखविला. पकड घट्ट बसते, परंतु आघाताने तुकडे उडण्याचा धोका राहतो.

लोहचुंबक : २०२१ मध्ये एका जपानी कंपनीने याची चाचणी घेतली. पकड हळुवार असते. मात्र उपग्रहावर आधीच पट्टी बसविलेली असावी लागते. सबब जुन्या कचऱ्यास हा उपाय निरुपयोगी आहे.

यांशिवाय अडचण अशी की, १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निकामी उपग्रहावरही मूळ राष्ट्राचाच अधिकार राहतो. त्याच्या संमतीवाचून तो हलविता येत नाही.

दुसरी बाजू प्रतिबंधाची. मेघा-ट्रॉपिक्स-१ या उपग्रहाचे कार्य संपल्यावर इस्रोने त्यातील उरलेल्या इंधनाच्या साहाय्याने ७ मार्च २०२३ रोजी तो प्रशांत महासागरावरील वातावरणात उतरविला. तसे न केल्यास तो शंभराहून अधिक वर्षे फिरत राहिला असता.

उपयोजन : विद्यार्थ्यांचे गट पाडून प्रत्येकास एक उपाय द्यावा व निर्णय कारणांसह मांडावयास सांगावे. उत्तरे भिन्न आली तरी चालतील. कारणावाचून दिलेले उत्तर मात्र स्वीकारू नये. साचलेले काढण्यास अद्याप एकही उपाय पुरेसा नाही, म्हणून आपण नेलेले आपणच खाली आणावे, या निष्कर्षाप्रत विद्यार्थी स्वतः पोहोचल्यास पाठ सफल झाला असे समजावे.