हिवाळी परसबाग आणि कोंबड्या

शहापूर व मुरबाड तालुक्यांत भातकापणी आटोपली, की शाळेच्या परसबागेस हंगाम लाभतो. मेथी महिन्याभरात, मुळा दीड महिन्यात काढणीस येतो. मोकळ्या कोंबड्या कोवळी रोपे उकरतात; म्हणून पेरणीपूर्वीच वाफ्यांभोवती काटेरी कुंपण घालावे. त्यांची ताजी विष्ठा मुळे जाळते. ती पालापाचोळ्यात पूर्ण कुजल्यावरच खत म्हणून द्यावी. मानमोडीची लस वेळेवर द्यावी.

डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा होतो. प्रकाश घटला, की अंडीही घटतात. अशा कोंबडीस निकामी समजून पालक ती विकून टाकतात. शिक्षकांनी सूर्योदय, सूर्यास्त व अंड्यांची संख्या मुलांकडून रोज नोंदवून घ्यावी. दिवस वाढू लागल्यावर ती वहीच घरच्यांची समजूत घालील.