सान्सेव्हिएरिया : एका पश्चिम आफ्रिकी शोभेच्या वनस्पतीची जोपासना

शासकीय कार्यालयांचे व्हरांडे, शाळांची प्रवेशद्वारे, ग्रामपंचायतींची सभागृहे आणि दवाखान्यांचे प्रतीक्षाकक्ष अशा ठिकाणी तलवारीच्या पात्यांप्रमाणे सरळ उभी, जाड आणि आडव्या करड्या-हिरव्या पट्ट्यांची पाने असलेली एक वनस्पती हमखास दृष्टीस पडते. रोपवाटिकांतून ती ‘स्नेक प्लान्ट’ या नावाने विकली जाते. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत ती दीर्घकाळ ‘सान्सेव्हिएरिया ट्रायफॅशिएटा’ या नावाने परिचित होती. पानांना काटे नसल्यामुळे घायपातीपासून ती सहज वेगळी ओळखता येते. कमी पाण्यावर व कमी निगेवर तग धरणारी ही वनस्पती सार्वजनिक जागांसाठी सोयीची आहे, यात शंका नाही. तथापि, तिच्याविषयी अनेक अतिरंजित समजही पसरले आहेत आणि त्यांच्या आधारे खरेदीचे निर्णय घेतले जातात. म्हणून तिची खरी ओळख करून घेणे अगत्याचे ठरते.

मूळ प्रदेश आणि परंपरा

नायजेरियापासून काँगोपर्यंतचा आफ्रिकेचा उष्ण कटिबंधीय पट्टा हे या वनस्पतीचे मूळ स्थान होय. जमिनीखाली आडव्या पसरणाऱ्या जाड खोडापासून तिचे नवे मुनवे फुटतात व हळूहळू दाट बेट तयार होते. अन्न व पाणी यांचा साठा या खोडात आणि मांसल पानांत होतो. त्यामुळे झाडांच्या सावलीत, उथळ मातीत आणि पावसाने ओढ दिली असतानाही ती तग धरते.

पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून ब्राझीलमध्ये नेण्यात आलेल्या लोकांनी आपल्या श्रद्धाही सोबत नेल्या. योरुबा लोकांचा लोहाचा व युद्धाचा देव ओगुन याच्याशी ही वनस्पती तेथे जोडली गेली. पुढे ख्रिस्ती संत जॉर्ज यांच्याशी त्या देवाची सांगड घातली गेली आणि वनस्पतीला ‘संत जॉर्जची तलवार’ हे नाव मिळाले. आजही ब्राझीलमध्ये घराच्या दाराशी रक्षणासाठी ती लावण्याची प्रथा आहे.

या आफ्रिकी वनस्पतीच्या शास्त्रीय नावाचा भारताशीही संबंध आहे. डेव्हिड प्रेन यांनी १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या बंगालमधील वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात तिचे नामकरण केले. प्रेन हे त्या काळी हावड्याजवळील शिबपूर येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. २०१७ साली वर्गीकरणातील बदलानुसार तिचा समावेश ‘ड्रॅसिना’ या प्रजातीत करण्यात आला. दरपत्रकांत ‘सान्सेव्हिएरिया’ व ‘ड्रॅसिना ट्रायफॅशिएटा’ अशी दोन नावे आढळल्यास ती एकाच वनस्पतीची आहेत, हे खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

भारतातही या गटातील एक जाती नैसर्गिकरीत्या आढळते. तिच्या पानांतील चिवट तंतूंपासून पूर्वी दोर व धनुष्याच्या दोऱ्या तयार करीत. संस्कृत ग्रंथांतील ‘मूर्वा’ म्हणजे हीच वनस्पती, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ती निराळी वेल आहे.

रात्री श्वास घेणारी पाने

बहुतेक वनस्पतींच्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडी असतात आणि त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायू आत घेतला जातो. परंतु त्याच वेळी पाण्याची वाफही बाहेर पडते. सान्सेव्हिएरियाची पाने ही छिद्रे मुख्यतः रात्री, हवा थंड असताना उघडतात. आत आलेला वायू मॅलिक अम्लाच्या रूपाने साठविला जातो. दिवसा छिद्रे मिटलेली असताना तोच वायू अम्लातून मोकळा होतो आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यापासून अन्न तयार होते. पाण्याची मोठी बचत साधणारी ही योजना निवडुंग, अननस आणि पानफुटी या वनस्पतींतही आढळते. भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी पानफुटीची पाने सकाळी आंबट लागतात व दिवस चढेल तसा आंबटपणा कमी होतो, असे निरीक्षण नोंदविले होते. ते १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने प्रसिद्ध केले.

या प्रक्रियेवरून ‘ही वनस्पती रात्री प्राणवायू देते’ असा समज रूढ झाला आहे. तो बरोबर नाही. प्राणवायूची निर्मिती प्रकाशाशिवाय होत नाही. रात्री ही वनस्पती कार्बन डायऑक्साइड आत घेते, एवढेच खरे. एका कुंडीने घेतलेल्या त्या वायूचे प्रमाण खोलीतील एका माणसाच्या उच्छ्वासाच्या तुलनेत नगण्य असते.

हवा शुद्ध होते काय ?

दुसरा समज हवेच्या शुद्धीकरणाविषयीचा आहे. १९८९ साली अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळ संस्थेच्या एका अहवालात बेन्झिन, फॉर्माल्डिहाइड यांसारखे वायू काही शोभेच्या वनस्पतींच्या साहाय्याने कमी होतात, असे नमूद करण्यात आले. या वनस्पतींत सान्सेव्हिएरियाचाही समावेश होता. मात्र हे प्रयोग पूर्णपणे बंद केलेल्या लहान पेट्यांत झाले होते. दारे, खिडक्या व फटी यांतून हवा सतत बदलत असलेल्या खोलीला ते निष्कर्ष जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्ज व मायकल वॉरिंग यांनी यापूर्वीच्या अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासून २०१९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. इमारतीत नेहमी होणाऱ्या हवेच्या देवघेवीइतका परिणाम साधण्यासाठी दर चौरस मीटर जागेमागे १० ते १,००० रोपे लागतील, असे त्यांना आढळून आले. ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद वर्गखोलीचे क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर भरते. म्हणजे किमान अंदाजानेही त्या एका खोलीत ४८० कुंड्या ठेवाव्या लागतील. मग विद्यार्थ्यांना बसण्यास जागा उरणार नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्याने जे साधते, ते कुंड्यांनी साधत नाही. म्हणून ‘हवाशुद्धीकरण’ या सदराखाली सार्वजनिक निधीतून रोपांची खरेदी करणे उचित नव्हे. शोभा, हिरवळ आणि विद्यार्थ्यांचे निरीक्षण हे या वनस्पतीचे खरे उपयोग असून ते पुरेसे आहेत.

माती, कुंडी आणि जागा

पाण्याचा उत्तम निचरा ही या वनस्पतीची पहिली गरज आहे. दख्खनच्या पठारावरील काळी भारी माती पाणी धरून ठेवते. ती एकटी वापरू नये. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण योग्य ठरते. कुंडीच्या तळाला छिद्र असलेच पाहिजे. पसरट व वजनदार मातीची कुंडी अधिक चांगली. कारण उंच पानांच्या भाराने हलकी कुंडी कलंडते. जमिनीखालील खोड दाटल्यास कुंडीला तडाही जातो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलावी.

खिडकीजवळील मंद उजेड किंवा व्हरांड्यातील कवडसे या वनस्पतीस मानवतात. अंधाऱ्या खोलीत ती जगते, परंतु वाढत नाही व पट्ट्यांचा रंग फिकटतो. याउलट विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांच्या दुपारच्या उन्हात पाने करपतात. तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्यास पानांना इजा संभवते. म्हणून कडाक्याच्या थंडीत कुंड्या रात्री आडोशाला घ्याव्यात.

पाणी : अतिरेक हाच शत्रू

सार्वजनिक जागेतील ही रोपे पाण्याअभावी क्वचितच मरतात. ती बहुधा अतिपाण्याने कुजतात. कार्यालयात सर्व कुंड्यांना रोज सरसकट पाणी घालण्याची पद्धत असते. तीच या वनस्पतीच्या मुळावर येते. पाणी देण्यापूर्वी बोट मातीत दोन पेरे खोल घालून पाहावे. माती कोरडी लागल्यासच पाणी द्यावे. उन्हाळ्यात साधारणतः दहा-बारा दिवसांनी आणि पावसाळ्यात व हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांनी एकदा पाणी पुरते. पानांच्या मधोमध पाणी साचू देऊ नये. पाने बुडाशी मऊ पडून पिवळी झाली, तर मूळकूज सुरू झाली असे समजावे. अशा वेळी रोप काढून कुजलेला भाग धारदार चाकूने कापावा, उरलेला भाग दोन दिवस सावलीत सुकवावा आणि कोरड्या मिश्रणात पुन्हा लावावा.

कुंडीखालील बशीत पाणी साचल्यास डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासांची पैदास होते. त्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासून पुसून ठेवाव्यात. शाळांना सुटी लागण्यापूर्वी त्या काढून ठेवणे उत्तम. उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर पाणी न मिळाले, तरी सावलीतील जोमदार रोप सहसा दगावत नाही.

खताची गरज अल्प आहे. जून व सप्टेंबर महिन्यांत प्रत्येक कुंडीस मूठभर कंपोस्ट पुरते. पानांवर पिठ्या ढेकूण आढळल्यास ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत व निंबोळी अर्क फवारावा. पानांवरील धूळ महिन्यातून एकदा पुसावी.

अभिवृद्धी आणि वर्गातील एक प्रयोग

पावसाळ्याच्या आरंभी बेट सोडवून मुनवे वेगळे लावणे, ही अभिवृद्धीची सर्वांत सोपी पद्धत होय. पानांच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात. पानाचे सात-आठ सेंटिमीटरचे तुकडे करून ते दोन दिवस सुकवावेत आणि बुडाकडील बाजू खाली ठेवून ओलसर वाळूत खोचावेत. तुकडा उलटा लावल्यास मुळे फुटत नाहीत. म्हणून कापतानाच खूण करावी. मुळे येण्यास एक-दोन महिने आणि नवा कोंब दिसण्यास त्याहून अधिक काळ लागतो.

पिवळ्या कडांचा ‘लॉरेंटी’ हा प्रकार विशेष लोकप्रिय आहे. त्याच्या पानाच्या तुकड्यापासून तयार झालेले रोप मात्र पिवळ्या कडेचे नसते. ते मूळच्या हिरव्या रूपाकडे परतते. कारण या प्रकारात दोन भिन्न प्रकारच्या पेशींचे थर एकत्र नांदत असतात आणि पानापासून नवा कोंब निर्माण होताना ती रचना टिकत नाही. मुनव्यापासून केलेल्या रोपात मात्र पिवळी कड कायम राहते. विज्ञान शिक्षकांनी एकाच रोपाचे एक पान व एक मुनवा शेजारी लावून विद्यार्थ्यांकडून वर्षभर नोंदी ठेवून घेतल्यास आनुवंशिकतेचा एक महत्त्वाचा धडा अत्यल्प खर्चात शिकविता येईल.

दोन दक्षता

या वनस्पतीच्या पानांत सॅपोनिन हे द्रव्य असते. पाने चघळल्यास मळमळ, उलट्या व जुलाब होऊ शकतात; कुत्री व मांजरे यांनाही त्याची बाधा होते. म्हणून अंगणवाडीत कुंड्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

दुसरी दक्षता पर्यावरणाची आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये बागेबाहेर पडलेल्या या वनस्पतीने दाट बेटे करून स्थानिक वनस्पतींची जागा व्यापली व ती तण ठरली. पानाच्या तुकड्यातूनही ती फुटत असल्याने छाटणीचा कचरा ओढ्याकाठी, गायरानात किंवा देवराईत टाकू नये. तो पूर्ण वाळवून मगच खतखड्ड्यात घालावा.

योग्य जागा, निचऱ्याची माती आणि पाणी देण्यातील संयम या तीन गोष्टी सांभाळल्या, तर एका रोपापासून काही वर्षांत संपूर्ण कार्यालयास पुरतील इतक्या कुंड्या तयार होतात. नव्याने खरेदी करण्याची गरज उरत नाही. शाळेने तयार केलेले मुनवे ग्रामपंचायतीस आणि ग्रामपंचायतीने ते पुढे आरोग्य केंद्रास दिले, तर गावाची शोभा वाढेल आणि वाचलेला निधी वर्गखोल्यांच्या खिडक्या दुरुस्त करण्याच्या कामी येईल. मुलांना मोकळी हवा मिळेल ती त्या खिडक्यांमधूनच.