वस्त्रावर वस्त्र

भाविक वाचकहो, धर्माने देहाची निंदाही केली आणि पूजाही केली. देह नाशिवंत, मळाचे गाठोडे, असे सांगणारा तोच धर्म देवाला हात, पाय, डोळे देऊन राउळात उभा करतो. मग शंका येते की, देह जर त्याज्य, तर तो पाषाणात कोरावा कशाला? आणि कोरलाच, तर उघडा का? दक्षिणेच्या यात्रेत उघडी मूर्ती समोर आली की कित्येक जण मान खाली घालतात, लेकीसुनांना बाजूला घेतात. अशाने दर्शन घडले की हुकले? याचा थोडा विचार करू.

प्रथम दूरदेशीचा दृष्टान्त घेऊ. रोम शहरी व्हॅटिकनमध्ये पोपचे सिस्टाइन नावाचे प्रार्थनामंदिर आहे. तेथे वेदीमागच्या भिंतीवर मायकेल अँजेलोने १५३६ ते १५४१ या काळात अंतिम न्यायाचे चित्र रंगविले. ख्रिस्ती शास्त्र असे की, शेवटच्या दिवशी मेलेली माणसे देहानिशी उठतील आणि देवापुढे उभी राहतील. चित्रात बहुतेक सारी माणसे उघडी होती. बरोबरच आहे, त्या न्यायासनापुढे पागोटे आणि शेला कोणाच्या कामाचा? पण पोपच्या दरबारातला एक मानकरी म्हणाला म्हणे, ‘हे चित्र देवघरात नव्हे, न्हाणीघरात शोभेल!’ चित्रकारही काही कमी नव्हता. त्याने नरकातल्या न्यायाधीशाला त्याच मानकऱ्याचा चेहरा दिला आणि वर गाढवाचे कान लावले, अशी कथा आहे.

वाद मिटला नाही. १५६३ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने पवित्र चित्रांविषयी कडक ठराव केला. १५६४ साली मायकेल अँजेलो वारला आणि पुढच्या वर्षी त्याच्याच स्नेह्याने, दानिएले दा व्होल्तेर्राने, त्या आकृत्यांवर वस्त्रे रंगविली. लोकांनी बिचाऱ्याचे नाव ‘तुमानवाला’ पाडले! १९९४ साली चित्र स्वच्छ करण्याचे काम पुरे झाले, तेव्हा मागाहून चढविलेली काही वस्त्रे काढली. दानिएलेची मात्र ठेवली.

पण बरं का, खरे मर्म पुढेच आहे. याच चित्रात बार्थोलोम्यू नावाचा संत आहे. त्याला जिवंत सोलून मारले, अशी श्रद्धा आहे. त्याच्या हातात सोललेले कातडे लोंबते, आणि त्या कातड्यावरचा चेहरा खुद्द चित्रकाराचाच आहे, असे अभ्यासक मानतात. पाहा, स्वतःला त्याने कसे दाखविले? उतरवून ठेवलेल्या अंगरख्यासारखे!

आता सिद्धान्तासाठी आपल्या देशात येऊ. कर्नाटकात श्रवणबेळगोळ येथे विंध्यगिरीवर बाहुबलीची, म्हणजे गोमटेश्वराची, सुमारे ५७ फुटांची एकाच शिळेतली मूर्ती आहे. गंग राजाचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय याने ती सन ९८१च्या सुमारास करविली. हे सांगणारी अक्षरे तिच्या पायाशी मराठीतही कोरलेली आहेत आणि आद्य मराठी शिलालेखांत त्यांची गणना होते.

बाहुबली हा ऋषभदेवांचा पुत्र. भरत हा थोरला भाऊ. राज्यावरून वैर आले तेव्हा सैन्ये मारण्यापेक्षा दोघांनीच झुंजावे असे ठरले. दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध, तिन्हींत बाहुबली जिंकला. जिंकला कशाने? डोळ्यांनी, श्वासाने, दंडाच्या बळाने, म्हणजे देहानेच. आणि विजयाच्या त्याच घटकेला त्याला वैराग्य आले. वर्षभर तो एका जागी ध्यानस्थ उभा राहिला. शिल्पकाराने हेच कोरले आहे. खांदे मल्लाचे रुंद आहेत. बळ गेलेले नाही. पायाशी वारुळे आहेत, त्यांत सर्प आहेत, आणि वेल पायांवरून व दंडांवरून चढली आहे. ज्याला झाड समजून वेलीने आधार घेतला, त्या देहात ‘मी’ म्हणणारा कोणी उरला नव्हता.

कोणी विचारील, ‘मग महाराज, कोणतेही उघडे चित्र पवित्रच म्हणायचे का?’ नाही बाबा. खूण अशी की, जी आकृती ‘मला पाहा’ म्हणून पाहणाऱ्याची नजर धरते, ती देहाभिमान वाढविते. मग ती वस्त्रालंकारांनी मढलेली का असेना. गोमटेश्वराचे डोळे कोणालाच शोधत नाहीत. म्हणून तेथे दर बारा वर्षांनी होणाऱ्या मस्तकाभिषेकाला बायाबापड्या, लेकरे सारी येतात. २०१८ सालीही आली होती.

देह हेच जिवाचे वस्त्र, हे भगवंतांनी अर्जुनाला सांगितले. रोमच्या चित्रकाराने ते कातड्यात दाखविले, बेळगोळच्या शिल्पकाराने शिळेत. त्यावर आणखी कापड घालणे म्हणजे वस्त्रावर वस्त्र. आवरण घालायचे ते आपल्या विकाराला.

तेव्हा यात्रेकरूहो, तिकडे गेलात तर सुमारे ६५० पायऱ्या अनवाणी चढून जा. पाय दुखतील, दुखू द्यात. लेकीसुनांना संगे न्या. आधी चरण पाहा, ती मराठी अक्षरे पाहा, मग मुखाकडे पाहा. मान खाली घालायचीच तर नमस्कारासाठी घालावी, लाजेने नव्हे.